नोझोमी जिथे थांबत नाही

महाराष्ट्रातून जपानला जाणाऱ्यांची वाट आता मळलेली आहे. टोकियो, फुजीदर्शन, क्योतो, ओसाका आणि जमलं तर हिरोशिमा. टोकियो आणि ओसाकादरम्यान धावणारी सर्वांत वेगवान शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, ती नोझोमी. अख्खा शिझुओका प्रांत ती ओलांडते, पण तिथल्या एकाही स्थानकावर थांबत नाही. खिडकीतून फुजी दिसला की सगळे मोबाइल वर होतात. त्यानंतर मागे पडणाऱ्या चहाच्या पठारांकडे कुणाचं लक्ष जात नाही. आमचं म्हणणं असं, की जी जोडपी आपापली जपानला निघाली आहेत, त्यांनी या पठारांच्या पायथ्याशी असलेल्या शिमादा शहरात दोन रात्री राहावं.

२०२४ साली ३ कोटी ६८ लाखांहून अधिक परदेशी पाहुणे जपानला गेले. त्यांतले बरेच त्याच चार-पाच शहरांत फिरले. क्योतोच्या गिओन भागातल्या रहिवाशांना त्याच वर्षी आपल्या खासगी गल्ल्या पर्यटकांना बंद कराव्या लागल्या. ज्या शांततेच्या ओढीने माणसं तिथवर जातात, ती गर्दीच्या पायाखाली आधीच संपलेली असते. शिझुओका स्थानकावरून साध्या गाडीने अर्ध्या तासाच्या आसपास शिमादाला पोचता येतं. वस्ती लाखाच्या आतबाहेर. इथे पर्यटकांसाठी फारसं काही मांडून ठेवलेलं नाही. शहर आपल्या कामात असतं, आणि ते काम चहाचं आहे.

त्या चहामागे काय आहे, हे शहरालगतच्या ओई नदीकाठी कळतं. तोकुगावा राजवटीत एदोहून, म्हणजे आजच्या टोकियोहून, क्योतोला जाणारा तोकाइदो हा राजरस्ता ही नदी ओलांडत असे. पण राज्यकर्त्यांनी तिच्यावर पूलही होऊ दिला नाही आणि नावही चालू दिली नाही. वाटसरूंना भोई आपल्या खांद्यांवरून किंवा लाकडी पाटांवरून पैलतीरी नेत. नदीला पाणी चढलं की काठावर दिवसच्या दिवस मुक्काम पडे. चित्रकार हिरोशिगेने तोकाइदोच्या चित्रमालिकेत हे नदी ओलांडणं रेखाटलं आहे. भोयांच्या वस्तीची ती गल्ली शिमादात आजही जपलेली आहे.

१८६८ मध्ये राजवट गेली. तोकुगावांच्या पदरी असलेल्या सामुराईंचा तनखा तुटला. चुजो कागेआकी या तलवारबहाद्दराच्या पुढाकाराने दोनशेच्या वर सामुराई १८६९ मध्ये नदीपलीकडच्या माकिनोहारा पठारावर गेले. ते माळरान होतं, पाण्याची टंचाई होती. चहाचं झाड तोडणीला यायला चार-पाच वर्षं लागतात. ज्यांनी जन्मात कुदळ धरली नव्हती, त्यांनी ती वर्षं तिथे काढली. पुढच्याच वर्षी नदीवर नावा सुरू झाल्या आणि भोयांचं पोटही गेलं. त्यांच्यातलेही काहीजण पठारावर गेले आणि चहा लावू लागले. धनी आणि भोई दोघांनाही काळाने एकाच मातीत आणून सोडलं. त्यांनी फोडलेली ती जमीन आज जपानच्या सर्वांत मोठ्या चहापठारांपैकी एक आहे.

शिमादाहून पठारावर जाण्यासाठी १८७९ मध्ये होराइ पूल बांधला गेला. लांबी ८९७.४ मीटर, रुंदी २.४ मीटर, आणि वरची वाट लाकडी. त्यावर वाहनं जात नाहीत. कठडा बुटका आहे, वारा अंगावर येतो, आणि दोघांना शेजारी ऐसपैस चालता येईल एवढीच जागा आहे. म्हणून आम्ही जोडप्यांना सांगतो आहोत. चाळीस जणांचा जथा घड्याळ पाहत इथून हाकता येणार नाही. दोघं मात्र मधेच थांबू शकतात, वाटलं तर परत फिरू शकतात, पलीकडे चढून मळ्यांत दुपार काढू शकतात.

पठारावर पाहायला पुष्कळ आहे, नजर मात्र सावकाश हवी. मळ्यांत उंच खांबांवर पंखे दिसतात. वसंतातल्या निरभ्र रात्री जमिनीलगत दव गोठून कोवळी पालवी करपते. तेव्हा वरच्या थरातली ऊबदार हवा हे पंखे खाली ढकलतात. झाडांच्या ओळींमध्ये वाळलेल्या गवताचं आच्छादन असतं. या परिसरातले शेतकरी शरद आणि हिवाळ्यात खास राखलेल्या कुरणांतून ते कापून आणतात. त्यामुळे मळा पोसला जातो, आणि दरवर्षी कापणी होत असल्यामुळे कुरणातली रानफुलं आणि किडेही टिकतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये या पद्धतीला जागतिक कृषी वारशाचा मान दिला. इथल्या भरपूर उन्हात पान जाड होतं, म्हणून सेन्चा या नेहमीच्या हिरव्या चहापेक्षा ते दुप्पट-तिप्पट वेळ वाफवतात. पान भुरभुरीत होतं, चहा गर्द हिरवा उतरतो आणि तुरटपणा मवाळ होतो. आपल्याकडचा चहा उकळून कडक करायचा असतो. हा पाणी थोडं निवल्यावर, साधारण ७०-८० अंशांना, दूध-साखरेविना करायचा. छोट्याशा किटलीतून दोन पेल्यांत थोडा थोडा आळीपाळीने ओततात, म्हणजे दोघांच्या वाट्याला सारखीच चव येते.

हा प्रदेश आज पुन्हा एका वळणावर उभा आहे. कच्च्या चहाच्या उत्पादनात १९५९ पासून पहिला असलेला शिझुओका प्रांत २०२४ मध्ये कागोशिमाच्या मागे पडला. कागोशिमाच्या सपाट, विस्तीर्ण मळ्यांत माणूस यंत्रावर बसून तोडणी करतो. शिझुओकात लहान आणि उताराचे मळे बरेच, आणि शेतकरी म्हातारे होत चाललेले. जपानच्या घराघरांतही किटलीची जागा बाटलीबंद चहाने घेतली आहे. जगभर माच्या या हिरव्या चहाच्या भुकटीची मागणी उसळली आहे खरी, पण माच्यासाठी मळे सावलीखाली वाढवावे लागतात, पानांवरची प्रक्रियाही वेगळी. पिढ्यान्‌पिढ्या उघड्या उन्हात सेन्चा पिकवणाऱ्याला त्याचा लाभ आपोआप मिळत नाही. चार पर्यटकांनी हे चित्र बदलणार नाही. पण आपण खर्च केलेले पैसे कुणाच्या हातात पडतात, हे प्रवाशाने पाहायला हवं. विमानतळावरच्या चकचकीत डब्यापेक्षा शिमादातल्या चहावाल्याकडे बसून, चाखून घेतलेली पुडी अधिक मोलाची आहे.

‘तिथे पाहण्यासारखं काय?’ असा प्रश्न येईलच. हातचं काम गेल्यावर सामुराई आणि भोयांनी माळरानातून काय उभं केलं, ते तिथे आजही जिवंत, पिकतं आणि चाखता येण्याजोगं आहे. एवढं दूर जाऊन पाहण्यासारखं याहून मोठं काही आम्हाला सुचत नाही. सहल आखणाऱ्या कंपन्यांनी जपानच्या कार्यक्रमात एखाद-दोन दिवस मोकळे ठेवावेत. आणि जोडप्यांनी यादीतली दोन देवळं बिनधास्त खोडावीत. मे महिन्याच्या सुरुवातीला, पहिल्या तोडणीच्या दिवसांत गेलात तर फारच उत्तम.