टोकाशी साचलेली थकबाकी

भाचीने ओल्या केसांची एक बट चिमटीत धरून हलकेच ओढली. बट ताणली, ताणतच गेली, आणि सोडल्यावर जास्त शिजलेल्या शेवईसारखी लोंबत राहिली. मुळाजवळचे केस ओढून सोडले तर मात्र चटकन जागेवर येत होते. "मावशी, मागच्याच महिन्यात केराटिन केलंय गं, तरी असं कसं?" तिला वाटत होतं की मागच्या महिन्याचं काम बिघडलं. मला वाटलं, बिघाड त्याच्याही बराच आधीचा आहे.

कातडी भाजली तर खालून नवी येते. केसाचं तसं नाही. टाळूबाहेर पडलेला केस हा मृत केराटिनचा धागा असतो. त्याला रक्त पोचत नाही, त्यामुळे झालेली झीज भरून निघत नाही. तो महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे ४० सेंटिमीटर लांब केसाचं टोक सुमारे ४० महिन्यांचं. दर पाच महिन्यांनी पूर्ण लांबीवर केस सरळ करण्याची ट्रीटमेंट होत असेल, तर मुळाशी एकदाच झालेला मारा टोकाने आठ वेळा सोसलेला असतो. पार्लरवाली 'तुमची तिसरी वेळ' म्हणते ती या वर्षाची. टोकाला मागची वर्षंही मोजावी लागतात.

या ट्रीटमेंटची नावं बरीच आहेत: रीबाँडिंग, केराटिन, बोटॉक्स, नॅनोप्लास्टिया. रीबाँडिंगमध्ये केसातले गंधकाचे बंध रसायनाने तोडतात, केस सरळ करतात आणि न्यूट्रलायझरने ते बंध पुन्हा जोडतात. सगळे काही जुळत नाहीत. केराटिन म्हणून जे केलं जातं, त्यात बहुतेकदा फॉर्मल्डिहाइड सोडणारं द्रव्य किंवा ग्लायऑक्झिलिक आम्ल असतं, आणि वरून दोनशे अंशांच्या पुढची इस्त्री फिरते. नाव ऐकून झिजलेल्या केसात केराटिन भरतात असं वाटतं खरं. प्रत्यक्षात आहे तोच धागा सरळ स्थितीत अडकवून ठेवतात. केसावरचे खवले आणि त्यांच्यावरचा मेदाचा पातळ थर दर खेपेला थोडा थोडा जातो.

हे लगेच दिसत नाही, कारण वर चकाकी असते. सिलिकोनचा मुलामा सुरुवातीचे काही आठवडे खालची झीज झाकतो. धुऊन धुऊन तो उतरला की केस आधीपेक्षा राठ लागतात. 'फार फ्रिझी झालेत, आता पुन्हा करायलाच हवं' असं ठरतं, आणि बाई परत त्याच खुर्चीत. औषधानेच दुखणं वाढावं आणि दुखणं वाढलं म्हणून औषधाचा डोस वाढवावा, तसला प्रकार. यात पार्लरची लबाडी असतेच असं मी म्हणणार नाही. त्यांनाही समोर राठ केसच दिसतात.

आता इस्त्री फिरताना निघणाऱ्या धुराबद्दल. फॉर्मल्डिहाइडला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये कर्करोगकारक ठरवलं. २०१० मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात 'फॉर्मल्डिहाइड-मुक्त' छापलेल्या बाटल्या तपासल्या गेल्या, तेव्हा त्यांत ते भरपूर सापडलं. म्हणून पुढे ग्लायऑक्झिलिक आम्लाचा सुळसुळाट झाला. तेही निरुपद्रवी नाही. २०२४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका २६ वर्षांच्या तरुणीची हकीकत आली. २०२०, २०२१ आणि २०२२ अशी तीन वर्षं केस सरळ करून घेतल्यावर दर वेळी तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली होती. ती दर वेळी बरी झाली. संशय त्या क्रीममधल्या ग्लायऑक्झिलिक आम्लावर आहे. असे प्रसंग विरळ आहेत, पण टाळूची आग, उलट्या, कंबरदुखी यांना 'ट्रीटमेंटचा त्रास' म्हणून सोडून देऊ नये, एवढं तरी त्यातून घ्यावं.

भाचीसोबत मीही त्या पार्लरमध्ये जाऊन बसले होते. एसीसाठी खिडक्या बंद. इस्त्री फिरताच माझ्या डोळ्यांना पाणी आलं. काम करणाऱ्या मुलीने ओढणी नाकावर घेतली होती, हातमोजे मात्र नव्हते. भाची वर्षातून दोन-तीनदा तिथे बसते. काम करणाऱ्या त्या मुलीची लग्नसराईत एका दिवसात तेवढी गिऱ्हाइकं होतात. केसाचं साचलेलं निदान कापून तरी टाकता येतं.

त्या दुकानात भाचीचा मोबाइल नंबर नोंदलेला आहे, वाढदिवसही. सवलतीचे मेसेज वेळेवर येतात. कधी कोणत्या बाटलीतलं काय लावलं, पूर्ण लांबीवर की फक्त नव्या वाढीवर, याची नोंद विचारली तर काउंटरवरची बाई हसली.

शेवटी भाचीने १५ सेंटिमीटर केस कापले. उरलेल्या २५ सेंटिमीटरच्या टोकाशी अजून पाच वेळांचं काम शिल्लक आहे.