सेवा केंद्राच्या संगणकात राहून गेलेले पासवर्ड

प्रति,
सचिव, माहिती तंत्रज्ञान विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : सेवा केंद्रांवरील ब्राउझरमध्ये साठलेल्या पासवर्डांची तपासणी

ब्राउझरमध्ये साठवलेल्या पासवर्डांची तपासणी तीन गोष्टी सांगते : कोणता पासवर्ड चोरीला जाऊन उघड झाला आहे, कोणता अनेक ठिकाणी वापरला आहे आणि कोणता सहज ओळखता येण्याजोगा आहे. क्रोममध्ये उघड झालेले पासवर्ड ओळखून इशारा देण्याची सोय डिसेंबर २०१९ मध्ये आली, सफारीत २०२० मध्ये आणि एजमध्ये २०२१ मध्ये. तिला पैसे पडत नाहीत. क्रोमच्या कोपऱ्यातील तीन टिंबांवरून पासवर्ड मॅनेजर उघडला की तपासणीचे पान तिथेच सापडते.

उघड झालेला पासवर्ड जुना झाला म्हणून निरुपद्रवी होत नाही. रॉकयू या अमेरिकी कंपनीतून २००९ मध्ये सुमारे ३ कोटी २० लाख पासवर्ड चोरीला गेले; ते कोणतेही कुलूप न लावता, जसेच्या तसे साठवलेले होते. त्यांत सर्वाधिक आढळलेला पासवर्ड होता १२३४५६. अशा याद्या वर्षानुवर्षे हातोहात फिरतात. चोरांचे प्रोग्राम त्यांतील नाव-पासवर्डाची जोडी उचलून इतर शेकडो संकेतस्थळांवर लावून पाहतात. म्हणूनच विस्मरणात गेलेल्या एखाद्या संकेतस्थळावरील चोरीमुळे आजचे ईमेल उघडू शकते.

तपासणीसाठी पासवर्ड कंपनीकडे पाठवावा लागतो की काय, ही शंका रास्त आहे. ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ या सेवेच्या पासवर्ड तपासणीत तिचे उत्तर स्वच्छ दिसते. पासवर्डापासून गणिताने ४० अक्षरांचा एक ठसा काढला जातो. त्यातील फक्त पहिली पाच अक्षरे सेवेकडे जातात. त्याच पाच अक्षरांनी सुरू होणाऱ्या शेकडो ठशांची यादी उत्तरादाखल येते आणि जुळणी वापरणाऱ्याच्या संगणकातच होते. नेमका पासवर्ड कोणता, हे सेवेला कळत नाही. क्रोमची पद्धत वेगळी आहे, पण तीही पासवर्ड उघड न करता जुळणी करते आणि नाव व पासवर्ड या जोडीकडे एकत्र पाहते. त्यामुळे क्रोमचा इशारा आला, तर तो अधिक गांभीर्याने घ्यायला हवा.

इशारा आल्यावर होणारी नेहमीची चूक म्हणजे ब्राउझरच्या यादीतील नोंद बदलून निश्चिंत होणे. त्याने संकेतस्थळावरचा पासवर्ड बदलत नाही. तो त्या संकेतस्थळावर जाऊनच बदलावा लागतो. नोंद पुसली तरी खाते आणि उघड झालेला पासवर्ड जागच्या जागी राहतात. सुरुवात ईमेलपासून करावी, कारण इतर खात्यांचे पासवर्ड नव्याने ठरवण्याचे दुवे तिथेच येतात.

एक गोष्ट मात्र या तपासणीला दिसत नाही : पासवर्ड कोणाचा आहे. आपले सरकार सेवा केंद्रावर किंवा तालुक्याच्या नेट कॅफेत शिष्यवृत्तीचा अर्ज भरला जातो, दाखल्याची मागणी नोंदवली जाते, खाते उघडले जाते. ब्राउझर विचारतो, पासवर्ड जतन करायचा का? रांग लांब असते. ‘जतन करा’ दाबले जाते. पुढचा माणूस त्याच संकेतस्थळावर आला की नावाच्या चौकटीत आधीच्यांची नावे खाली उलगडतात. केंद्रचालकाने स्वतःच्या खात्याने क्रोममध्ये सिंक चालू ठेवले असेल, तर ते सगळे पासवर्ड त्याच्या मोबाइलवरही पोहोचतात. यात चालकाचा हेतू वाईट असायची गरज नाही. त्या संगणकात पासवर्ड चोरणारा एखादा प्रोग्राम शिरला, तर गावातील अनेक घरांची खाती एकाच वेळी जातात. अशा यादीवर ब्राउझरने ‘समस्या नाही’ असा शेरा दिला, तरी मूळ समस्या तशीच राहते.

म्हणून विभागाने केंद्रांसाठी साधा नियम करावा : नागरिकाचे काम क्रोमच्या गेस्ट मोडमध्येच व्हावे. ती खिडकी बंद होताच इतिहास आणि कुकीज पुसल्या जातात आणि चालकाचे जतन केलेले पासवर्डही तिच्यात दिसत नाहीत. आधी साठलेली यादी एकदा काढून नागरिकांच्या नोंदी पुसाव्यात आणि ज्यांचे पासवर्ड तिथे राहिले होते, त्यांना ते बदलायला मराठीत कळवावे. फक्त पुसून भागणार नाही.

शासकीय संकेतस्थळांचाही यात वाटा असायला हवा. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने २०१७ मध्येच तीन गोष्टी मांडल्या : पासवर्ड चिकटवू द्यावा, ठरावीक मुदतीने तो बदलण्याची सक्ती करू नये आणि नवा पासवर्ड उघड झालेल्या यादीत असल्यास तो स्वीकारू नये. चिकटवणे बंद केले की लांब पासवर्ड कोणी ठेवत नाही, आणि दर काही महिन्यांनी सक्ती केली की शेवटचा आकडा तेवढा बदलतो. राज्याच्या संकेतस्थळांच्या निविदांत या तीन अटी आल्या, तर अर्जदाराने १२३४५६ टाकताच तो तिथेच नाकारला जाईल.

खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक केंद्रचालकाचा असेल, तर पासवर्ड बदलूनही उपयोग नाही. विसरलेला पासवर्ड मिळवण्याचा ओटीपी त्याच्याच फोनवर जाणार. त्यामुळे एकच क्रमांक कितीतरी खात्यांना जोडलेला दिसला, तर ती खाती शोधून मालकाचा स्वतःचा क्रमांक नोंदवून घेणे, हे काम विभागाकडेच येते. ब्राउझरच्या कोणत्याही तपासणीत ते बसत नाही.