ड्राइव्ह काढा, पण आधी कपाट उघडा

मंडळी, आपल्या आयटीवाल्यांची एक सवय आहे. नवा लॅपटॉप घेतला की जुना 'गावाकडे' पाठवून द्यायचा. माझं गाव हिंगोली जिल्ह्यातलं. आमच्या भावकीत असे पाच-सहा लॅपटॉप पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या डिकीतून येऊन पोचलेत, बहुतेक २०११ ते २०१४ च्या सुमाराचे. बटण दाबा, चहा टाका, चहा पिऊन या, तरी विंडोज अजून उघडतंच आहे! ज्या पुतणीचा एमपीएससीचा अभ्यास आणि भरतीचे फॉर्म त्यावर अवलंबून आहेत, तिला असलं यंत्र देणं ही मदत कसली? माझं स्पष्ट मत आहे, ही आपल्या घरातली अडगळ दुसऱ्याच्या घरात नेऊन ठेवणं आहे.

बरं, हे लॅपटॉप खरंच टाकाऊ असतात का? मुळीच नाही. प्रोसेसर बऱ्यापैकी असतो, अडतं ते हार्ड डिस्कवर. मिनिटाला ५४०० फेरे मारणाऱ्या तबकडीला अर्धा फेरा पूर्ण करायलाच साडेपाच मिलिसेकंद लागतात. विंडोज उघडताना अशा हजारो छोट्या फायली वाचायच्या असतात, म्हणजे वाट बघणं आलंच. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. म्हणून वेग वाढतो, आणि एसटीचे धक्केही ती निमूट सोसते.

आता एसएसडी बसवायची कुठे? या वयाच्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह असतो. तो काढून त्या खाचेत 'कॅडी' नावाची चौकट बसते, ती काहीशे रुपयांत मिळते. बरेच जण कॅडीत एसएसडी घालून मोकळे होतात. मी उलटं सांगेन. एसएसडी मूळ डिस्कच्या जागी घाला आणि जुनी डिस्क कॅडीत. कारण डीव्हीडीच्या खाचेची साटा जोडणी पुष्कळदा कमी वेगाची असते, आणि काही लॅपटॉप तिथून सुरू व्हायला कुरकुर करतात. कॅडी घेण्याआधी जाडी मोजा, साडेनऊ की १२.७ मिलिमीटर. फारच जुन्या यंत्रात साटाऐवजी आयडीई जोडणी असते, तेही बघून घ्या. आणि हो, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ ला ही यंत्रं चालत नाहीत. तेव्हा सरळ लिनक्स टाका. फॉर्म भरायला, व्याख्यानं बघायला, मराठी टाइप करायला ते पुरेसं आहे.

इथपर्यंत सगळे सांगतात. माझा मुद्दा याच्या पुढचा आहे.

आमच्याकडे लोखंडी कपाट उघडलं की साड्यांच्या खाली डीव्हीडी निघतात. आत्याचं लग्न, आजोबांचा अमृतमहोत्सव, नर्सीच्या यात्रेतलं कीर्तन. यातल्या कितीतरी गोष्टींची दुसरी प्रत कुठेच नाही. फोटोग्राफरने घरच्या घरी 'बर्न' करून दिलेल्या या तबकड्या. त्यांत माहिती रंगद्रव्याच्या थरावर असते आणि तो थर उष्णतेने, उन्हाने खराब होतो. मराठवाड्यातला मे महिना आणि वर पत्र्याचं छप्पर, म्हणजे काय होत असेल सांगायला नको. आणि बऱ्याच घरांत ती तबकडी वाचू शकणारं शेवटचं यंत्र म्हणजे आपण स्क्रू-ड्रायव्हर घेऊन उघडायला बसलेला लॅपटॉप!

त्या ड्राइव्हला मी कमी लेखत नाही. छापील सीडीतला खड्डा प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण पावपट खोल असतो. त्यामुळे खड्ड्यातून आणि सपाटीवरून परतणारे किरण एकमेकांना पुसतात, आणि त्यातून अक्षर वाचलं जातं. आमच्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहणार आहे. तिला केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. तीही चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांतून परतलेले लेझर किरण असेच एकत्र आणून गुरुत्वीय लहरी टिपणार आहे. तत्त्व तेच, प्रकाशाची प्रकाशाशी गाठ. असो.

तर क्रम असा ठेवा. आधी कपाट उघडा, तबकड्या पुसा, एकेकीची पूर्ण प्रत घ्या. साध्या डीव्हीडीत जास्तीत जास्त ४.७ जीबी मावतात, म्हणजे शंभर डीव्हीडींचे ४७० जीबी. ५०० जीबीची जुनी डिस्क रिकामी केली तर तिच्यात जवळजवळ सगळं बसतं. दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, वेगळ्या घरात. एसएसडीवर एकुलती एक प्रत करून ती कपाटात टाकू नका. तिच्यात माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि वर्षानुवर्षं वीज मिळाली नाही तर तो भार झिरपून जातो.

मग खुशाल ड्राइव्ह काढा. काढलेलाही फेकू नका. स्वस्तातली यूएसबी पेटी मिळते, त्यात घातला की अख्ख्या गल्लीच्या तबकड्या वाचून देईल.

पुढच्या वेळी गावी जाताना लॅपटॉपबरोबर एक एसएसडी, एक कॅडी आणि दोन दिवसांची सुट्टी घेऊन जा. पहिल्या दोन गोष्टी दुकानात मिळतात. सुट्टीचं मात्र आपल्या मॅनेजरशी बोलावं लागेल!