बावीस समित्या आणि एक ट्यूब

माणसाला समाजसेवेची इच्छा आयुष्यात साधारणपणे दोनदा होते. एकदा कॉलेजात असताना आणि एकदा धंदा बरा चालायला लागल्यावर. पहिल्या वेळी खिशात काही नसतं म्हणून होते, दुसऱ्या वेळी नावाखाली काही नसतं म्हणून. या दुसऱ्या इच्छेची सोय लावण्यासाठीच व्यावसायिक संघटना निघाल्या असाव्यात, असं माझं प्रामाणिक मत आहे. वकिलांच्या संघटना आहेत, किराणा व्यापाऱ्यांच्या आहेत, मंडपवाल्यांच्या आहेत. आणि ज्यांचा सगळा जन्म दुसऱ्यांचं रक्त, लघवी आणि थुंकी न्याहाळण्यात जातो, त्या आम्हा लॅबवाल्यांच्याही आहेत.

मी पुलगावचा पॅथॉलॉजिस्ट. मुंबईहून नागपूरकडे जाताना गाडीनं वर्धा नदी ओलांडली की आमचं गाव लागतं. बाहेरच्यांना ते दारूगोळ्याच्या कोठारामुळे ठाऊक आहे, आणि जुन्या लोकांना इथून आर्वीला जाणाऱ्या छोट्या गाडीमुळे. ती गाडी बंद पडली, कोठार आहे, आणि मी आहे. गावात सगळे मला ‘रक्तवाले डॉक्टर’ म्हणतात. हे नाव दरोडेखोराला जास्त शोभेल, पण सवय झाली आहे.

तर एके दिवशी आमच्या संघटनेचं परिपत्रक आलं. हल्ली ते फोनवरच येतं, त्यामुळे त्यात पुडी बांधायचीही सोय राहिलेली नाही. वर ठळक मथळा : ‘सभासदांना सेवेची सुवर्णसंधी! स्वयंसेवक पाहिजेत.’ मला आनंद झाला. खाली यादी होती. स्वागत समिती, निवास समिती, भोजन समिती, मंच समिती, स्मरणिका समिती, जाहिरात समिती, सांस्कृतिक समिती, क्रीडा समिती, सत्कार समिती, वाहनतळ समिती. मी मोजल्या, एकूण बावीस. त्यांतल्या एकीचाही रक्ताशी संबंध नव्हता. क्रिकेटच्या सामन्यात कुणाचा गुडघा फुटला तरच काय तो येणार.

मी चिटणिसांना फोन लावला.

“या, या डॉक्टरसाहेब!” ते म्हणाले. “तुम्हाला स्वागत समितीत घेऊ या का? सहनिमंत्रक म्हणून?”

“मला ट्यूब फिरवायची आहे.”

“काय फिरवायचंय?”

“ट्यूब. एकच रक्त, नाव काढून नुसता नंबर घालून, जिल्ह्यातल्या सगळ्या लॅबना पाठवायचं. कोणाचा आकडा किती येतो ते बघायचं. महिन्यातून एकदा.”

पलीकडे जरा वेळ शांतता पसरली. मग काळजीच्या सुरात प्रश्न आला, “पण मग एखाद्याचा चुकला तर?”

“तेच तर बघायचंय.”

“अहो, पण ते आपले सभासद आहेत!”

आता या वाक्याला उत्तर नाही. संघटना सभासदांची असते, रक्त रोग्याचं असतं आणि रोगी वर्गणी भरत नाही. वादाचं मूळ इथं आहे, आणि म्हणून हा लेख.

वाचकहो, तुम्ही रिपोर्ट हातात घेता तेव्हा त्यावरचा आकडा तुम्हाला पंचांगातल्या तिथीसारखा वाटतो. छापलेला आहे म्हणजे खरा. वस्तुस्थिती एवढी सोवळी नाही. नाचणगावच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं एकदा दोन लॅबचे दोन कागद माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. दोघांत साखरेचा फरक मोठा. म्हणाला, “डॉक्टरसाहेब, रगतही माहंच, हातही माहाच, मंग आकडा काऊन बदलला जी?”

अख्ख्या परिसंवादात मी इतका नेमका प्रश्न ऐकलेला नाही. त्याला मी जे सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. रक्त साध्या ट्यूबमध्ये काढून तसंच ठेवलं, तर त्यातल्या पेशी जिवंतच असतात आणि त्या साखर खात राहतात. तासाला पाच-सात टक्के साखर अशी हळूच कमी होते. ही झाली बेताच्या हवेतली गोष्ट. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा पेशींनाही जास्त भूक लागते. यासाठी फ्लोराइड घातलेली, करड्या टोपणाची ट्यूब असते. ती वापरली की नाही, सॅम्पल खेड्यावरून मोटारसायकलच्या डिकीत आलं की बर्फाच्या डब्यात, हे रिपोर्टवर कुठंच छापलेलं नसतं. इटलीतल्या पादुआ इथल्या प्लेबानी आणि कारारो या दोघांनी १९९७ साली आपल्याच हॉस्पिटलच्या तातडीच्या लॅबमधल्या चुका मोजून छापल्या. दोन-तृतीयांशाहून जास्त चुका सॅम्पल यंत्रात शिरण्यापूर्वीच्या निघाल्या. स्वतःच्या चुका मोजून जगापुढे मांडणाऱ्या माणसांचा सत्कार कुठल्या समितीनं करावा? आमच्या बावीसांत ती बसत नाही.

“हे ट्यूब फिरवण्याचं खूळ कुठून काढलंत?” असं मला विचारतात. मी काढलेलं नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात बेल्क आणि संडरमन हे दोन डॉक्टर होते. त्यांनी तिथल्या हॉस्पिटलांच्या लॅबना सारखीच द्रावणं पाठवली आणि साखर, युरिया, कॅल्शियम, हिमोग्लोबिन असल्या रोजच्याच तपासण्या करून मागितल्या. निकाल १९४७ साली छापला, आणि तो असा, की समाधानकारक उत्तरांपेक्षा असमाधानकारक उत्तरंच जास्त! लाजेनं खाली माना गेल्या असतील. पण त्या माना वर आल्या त्याही याच ट्यूबमुळे. बाहेरून गुणवत्ता तपासण्याची सगळी पद्धत पुढे जगभर वाढली, तिच्या मुळाशी ही फिरती द्रावणं आहेत. या संडरमनसाहेबांनी पुढेही अनेक वर्षं लोकांना अशी सॅम्पलं पाठवण्याचा उद्योग चालू ठेवला. त्यांचा जन्म १८९८चा आणि मृत्यू २००३चा. एकशेचार वर्षं जगले. ट्यूब फिरवल्यानं आयुष्य वाढतं असा माझा दावा नाही. पण स्वागत समितीत राहून इतकं कोणी जगल्याचं ऐकिवात नाही.

आणि हे फक्त गोऱ्या लोकांना जमतं असंही नाही. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं क्लिनिकल बायोकेमिस्टांच्या संघटनेबरोबर हीच योजना वर्षानुवर्षं चालवली आहे. गोठवून वाळवलेलं सीरम येतं, त्यात मोजून पाणी घालायचं, तपासायचं, आकडा कळवायचा. मग आपण बाकीच्यांच्या मानानं कुठं उभे आहोत ते कळतं. म्हणजे संघटना हे काम करू शकते. तिच्या घटनेत त्याला बंदी नाही. फक्त त्यात हार नसतो.

आता विरोधी पक्षाचं म्हणणंही मांडतो, नाही तर मी एकांगी ठरेन. पहिला मुद्दा : “हे काम सरकारचं, नाही तर एनएबीएलचं.” छान. पण एनएबीएलचं मानांकन घेणं हे ऐच्छिक आहे, आणि त्याचा खर्च आणि कागद तालुक्याच्या दोन खोल्यांतल्या लॅबला झेपत नाहीत. जिथं सरकार पोचत नाही आणि बाजाराला यायचं नाही, तिथंच तर स्वयंसेवकानं जायचं असतं. जिथं आधीच कंत्राटदार आहे तिथं स्वयंसेवक कशाला हवा? पण आमचे निम्मे स्वयंसेवक मंडपवाल्याच्या मागे उभे राहून मंडप घालून घेतात.

दुसरा मुद्दा : “लोकांना वेळ नसतो.” सत्काराच्या शालीचा रंग ठरवायला तीन बैठका होतात आणि तिन्हींना कोरम असतो. महिन्याला एक ट्यूब भरायला, पोचवायला आणि आकड्यांचा एक तक्ता करायला तेवढाही वेळ लागत नाही. ईडीटीए घातलेलं रक्त फ्रिजमध्ये ठेवलं तर हिमोग्लोबिनसाठी दिवसभर सहज टिकतं, आणि पुलगावाहून वर्ध्याला जायला दिवस लागत नाही.

तिसरा मुद्दा जरा वजनाचा आहे : “संमेलनही लागतंच की. चार लोक भेटतात, दोन गोष्टी शिकतात.” कबूल. जेवणाची सोय कुणीतरी करायलाच हवी, आणि भोजन समितीबद्दल मला तर आदरच आहे. बाहेरून गुणवत्ता तपासली जाते अशी ती आमची एकमेव समिती आहे. आमटी खारट झाली तर पाचशे सभासद पाच मिनिटांत आपापला आकडा कळवतात, आणि कुणी म्हणत नाही की, “अहो, पण आचारी आपलाच आहे!” माझी मागणी इतकीच आहे, की जी कडक नजर आमटीला, तीच हिमोग्लोबिनला.

इथवर हसण्यावारी नेता येतं. पुढचं येत नाही.

आमच्या विदर्भात सिकल सेल आहे. रक्तातली गोल लाल पेशी विळ्यासारखी वाकते, म्हणून हे नाव. केंद्र सरकारनं १ जुलै २०२३ रोजी याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ सालची मुदत, असं तिचं उद्दिष्ट. तेव्हापासून शिबिरांना जोर आला. शिबिरं हवीतच. पण शिबिरात जी झटपट तपासणी होते, तिच्यात द्रावण गढूळ झालं की ‘पॉझिटिव्ह’, एवढंच कळतं. माणूस रोगी आहे की नुसता वाहक, हे ती सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस नाही तर एचपीएलसी ही दुसरी तपासणी लागते. वाहक माणूस बहुधा आयुष्यभर ठणठणीत असतो. नवरा-बायको दोघंही वाहक असले, तरच प्रत्येक गरोदरपणात चारांत एक या हिशेबानं मूल रोगी होण्याचा धोका असतो.

अशाच एका शिबिराची चिठ्ठी घेऊन एक बाप माझ्याकडे आला. शिबिर कोणत्या संघटनेचं ते सांगत नाही. फलक मोठा होता, फोटो छान आले होते. प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यानं घडी घातलेली चिठ्ठी काढली. वर मुलीचं नाव आणि खाली एकच शब्द : पॉझिटिव्ह. “या चिठ्ठीनं सोयरीक मोडली जी माह्या पोरीची,” तो म्हणाला. मी दुसरी तपासणी करवून घेतली. पोरगी नुसती वाहक. ती आणि तिची आई, दोघी शेतात राबत होत्या. रोगाचा पत्ता नव्हता. नवऱ्या मुलाचं रक्त एकदा तपासलं असतं, तर मोडायचं काही कारण उरलंय का, हे दोन्ही घरांना चहाच्या वेळात कळलं असतं. पण चिठ्ठी देणारे स्वयंसेवक समारोपाला गेले होते, आणि दुसऱ्या तपासणीची समिती नव्हती.

चूक कुणाची? द्रावण गढूळ झालं ते बरोबरच होतं. चूक इतकीच, की सेवा फोटोबरोबर संपली.

आमच्यापासून सेवाग्राम फार लांब नाही. गांधीजी तिथं १९३६ साली राहायला आले. आश्रमात सेवा करायला म्हणून कुणी आलं, की मोठमोठ्या विद्वानांनाही सफाईचं काम मिळायचं. डॉ. सुशीला नायर यांनी तिथं १९६९ साली मेडिकल कॉलेज काढलं. नव्या विद्यार्थ्यांनी आधी आश्रमात राहून श्रमदान करायचं, मग प्रेताला हात लावायचा, अशी तिथली रीत. आधी झाडू, मग पदवी. आमच्या संघटनांत आधी पद, आणि झाडू मारायला मंडपवाला. वर्धा जिल्ह्यात राहून आम्ही एवढंही उचलू नये, याचं नवल वाटतं.

म्हणून माझी सूचना सरळ आहे. बावीस समित्या राहू द्या, त्यात तीन घाला. एक, दर महिन्याला ट्यूब फिरवणारी. दोन, खेड्यावरून सॅम्पल आणणाऱ्या पोरांना कोणतं टोपण कशासाठी, ते समजावून सांगणारी. तीन, शिबिरातल्या प्रत्येक ‘पॉझिटिव्ह’ माणसाचा दुसऱ्या तपासणीपर्यंत पिच्छा पुरवणारी, आणि मग त्याच्या घरी बसून, त्याच्या भाषेत, त्याचा अर्थ सांगणारी. आणि एक नियम : या तिन्हींपैकी एकीत वर्षभर राबल्याशिवाय कुणालाही अध्यक्ष, चिटणीस किंवा सहनिमंत्रक होता येणार नाही. निवडणुकीची चुरस एका रात्रीत कमी होईल, हे मी लिहून देतो.

संघटना हे मनावर घेईल अशी आशा मला बेताचीच आहे. म्हणून तुम्हालाच सांगतो. पुढच्या वेळी लॅबमध्ये जाल तेव्हा भिंतीवरची मानपत्रं वाचा, हरकत नाही. मग दंडावर रबरी पट्टा बांधून घेताना सहज विचारा, “काहो, तुमचे आकडे बाहेरून कोण तपासतं?” समोरचा माणूस खूश होऊन कपाटातला तक्ता दाखवायला लागला, तर मूठ घट्ट आवळा आणि निवांत सुई टोचून घ्या. आणि तो मानपत्राकडे बोट दाखवायला लागला, तर बाही खाली करा.