जुना पार्ट दाखवणारा मिस्त्री

काही माणसांपुढे आपण निमूटपणे मान तुकवतो. ऑपरेशन करणारा डॉक्टर, कोर्टातला वकील, पंचांग उघडून बसलेले गुरुजी आणि गाडी उघडून बसलेला मिस्त्री. पहिल्या तिघांविषयी आजवर पुष्कळ लिहिले-बोलले गेले आहे. चौथ्याची दखल मात्र कोणी फारशी घेतलेली नाही. खरे तर गुरुजींशी वर्षातून एकदा आणि वकिलाशी, देवाच्या कृपेने, कधीच गाठ पडत नाही. मिस्त्रीकडे मात्र दर दोन-तीन महिन्यांनी जावेच लागते.

मिस्त्रीने इंजिनाशी कान नेला, दोनदा रेस दिली, तोंडाने 'च्च' असा आवाज केला आणि मान हलवली, की घरचा कर्ता माणूस खिशातल्या नोटांची मनातल्या मनात मोजदाद करू लागतो. "काय झालंय?" असे विचारणारे थोडे. "किती होतील?" एवढेच बहुतेक जण विचारतात. या दोन प्रश्नांमध्ये जे अंतर आहे, नेमक्या त्याच जागेत आपली फसवणूक राहायला येते.

मोठ्या शहरात या प्रश्नाची धार जरा बोथट असते. गाडी बिघडली तर बस आहे, लोकल आहे, रिक्षा आहे. जामखेडसारख्या तालुक्याच्या गावी तसे नाही. गावाला रेल्वे नाही. जिल्ह्याचे गाव सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरवर. त्या गावाचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले असले, तरी एसटीत बसताना माणूस 'नगर'च म्हणतो. एसटी मोठ्या रस्त्याने जाते. वस्तीवर जाते ती मोटारसायकलच. तिच्या दोन्ही अंगांना दुधाच्या कॅन, मागे खताची गोणी, सकाळी कॉलेजला निघालेली मुलगी आणि रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायचे म्हातारे माणूस, हे सगळे त्या एकाच गाडीवर. कोरडवाहू तालुक्यातल्या कुटुंबाची ती दुसरी बैलजोडीच म्हणायची. ती दोन दिवस गॅरेजमध्ये पडून राहिली तर दूध डेअरीत पोचत नाही आणि मजुराचा रोज बुडतो. आणि ती नीट दुरुस्त न होताच परत आली, तर बीड रस्त्याने सौताड्याकडच्या उतारावर ब्रेक दाबताना काय होईल, याचा विचारही नको वाटतो. तेव्हा 'चांगला मिस्त्री कोठे मिळेल?' हा प्रश्न दिसतो तेवढा किरकोळ नाही.

मग असा माणूस ओळखायचा कसा? आपण विचारतो ते शेजाऱ्याला. शेजारी सांगतो, "आमचा मिस्त्री एक नंबर आहे, स्वभावाला फार चांगला." आता स्वभाव चांगला असणे ही उत्तम गोष्ट आहे, पण त्याने क्लच प्लेट बसत नाही. शिवाय गोड बोलणे हे फसवणाऱ्याचे पहिले भांडवल असते, हे आपल्या आजीनेही आपल्याला सांगितलेले असते. प्रामाणिकपणा चेहऱ्यावर लिहिलेला नसतो. त्याची काहीतरी बाहेरची, डोळ्यांना दिसेल अशी खूण हवी.

या अडचणीवर एका अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एक छोटासा निबंध लिहिला. जॉर्ज अकरलॉफ हे त्याचे नाव. पुढे २००१ साली त्याला नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. निबंधाचा विषय जुन्या मोटारींचा बाजार. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : विकणाऱ्याला मालाची खरी अवस्था ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सगळ्याच मालाला कमी किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगला माल विकणे परवडत नाही, म्हणून चांगला विकणारा बाजारातून उठून जातो आणि मागे उरतात ते खोटे. अकरलॉफने या निबंधाआधी भारतात काही काळ काढला होता. त्यामुळे त्याच्या लेखात आपल्या बायकांनी बाजारातल्या तांदळातून मुद्दाम मिसळलेले खडे निवडण्याचाही उल्लेख येतो. गॅरेजचे तेच आहे. फरक इतकाच, की तांदळातला खडा सुपात दिसतो, इंजिनातला दिसत नाही. आपण सगळ्याच मिस्त्र्यांना चोर समजून घासाघीस करू लागलो, की मन लावून काम करणाराच आधी दुकान बंद करतो.

गंमत अशी, की ज्या १९७० साली तिकडे हा निबंध छापला गेला, त्याच वर्षी इकडे जामखेडमध्ये या दुखण्यावरचे औषध तयार होऊ लागले होते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दाम्पत्य अमेरिकेतले शिक्षण आटोपून जामखेडला आले आणि त्यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि देशोदेशीचे लोक जामखेडला शिकायला येऊ लागले, हे बहुतेकांना माहीत आहे. पण त्यांनी नेमके केले काय? रोगाचे ज्ञान डॉक्टरच्या कपाटात कुलूपबंद असते, ते त्यांनी बाहेर काढले. गावोगावच्या बायका निवडल्या. त्यांत पुष्कळ जणी गरीब आणि दलित घरांतल्या, शाळेचे तोंड न पाहिलेल्या. त्यांना बाळंतपण, जुलाब, बाळाचे वजन, पाण्याची स्वच्छता हे सारे त्यांना समजेल अशा भाषेत शिकवले. 'हे तुला कळायचे नाही' हे वाक्यच त्यांनी त्या इमारतीतून हद्दपार केले. त्याच प्रकल्पात पुढे कृत्रिम पाय तयार करणारी कार्यशाळाही उभी राहिली. हे अवयव घडवण्याचे कामही गावाकडच्याच हातांनी शिकून घेतले.

डॉक्टरकीतला बागुलबुवा जर या गावाने काढून टाकला, तर कार्बोरेटरचा बागुलबुवा काढायला काय अवघड आहे? सांगायचे तात्पर्य असे, की भरवसा हा केवळ मिस्त्रीच्या स्वभावावर ठेवायचा नसतो. तो त्याच्या कामाच्या उघडेपणावर ठेवायचा असतो. जो दाखवतो, सांगतो आणि लिहून देतो, तो भरवशाचा. या कसोटीला चेहरा वाचण्याची विद्या लागत नाही.

पहिली खूण जुन्या पार्टची. बदललेला ब्रेक शू, झिजलेली चेन, काळा पडलेला प्लग तो न मागता तुमच्या हातात ठेवतो आणि नव्याशेजारी धरून फरक दाखवतो. दुसरी खूण आधी सांगण्याची. काम हाती घेण्यापूर्वी अंदाज सांगतो आणि गाडी उघडल्यावर आणखी काही निघाले तर हात लावण्याआधी फोन करतो. तिसरी खूण मला सर्वांत महत्त्वाची वाटते : तो काम नाकारतो. "टायर अजून पावसाळा काढील, आत्ता घालू नका," असे म्हणणारा माणूस स्वतःच्या गल्ल्यातले पैसे तुम्हाला परत देत असतो. "हे माझ्याकडे होणार नाही, नगरला न्या," असे सांगणारा तर त्याहून मोठा. आपले अज्ञान कबूल करणारा कारागीर आपल्या गाडीवर प्रयोग करत नाही. चौथी खूण कागदाची. वहीतले पान फाडून का होईना, काय बदलले, कोणत्या कंपनीचे, किती रुपये, हे तो लिहून देतो.

आणखी एक खूण आहे, तिच्याकडे पुरुष वाचकांचे सहसा लक्ष जात नाही. स्कूटर घेऊन एखादी शिक्षिका किंवा नर्सबाई गॅरेजमध्ये गेली की पुष्कळ ठिकाणी तिला ऐकावे लागते, "ताई, साहेबांना पाठवून द्या." गाडी ती चालवते, ब्रेक कमी लागतो हे तिच्या हाताला कळते आणि बोलणी मात्र साहेबांशी! जो मिस्त्री तिलाच नीट विचारतो आणि तिलाच समजावून सांगतो, त्याच्याकडे सगळ्या घराने डोळे मिटून जावे. जामखेडच्या आरोग्य प्रकल्पाने हाच धडा अर्धशतकापूर्वी घालून दिला आहे : बाईला सांगितले की घराला कळते.

इथवर सगळा दोष मिस्त्रीच्या माथी मारून झाला. पण नाण्याची दुसरी बाजूही पाहायला हवी, कारण टाळी एका हाताने वाजत नाही. आपण पार्टचे पाचशे रुपये मुकाट्याने देतो, कारण तो डबीत येतो आणि डबीवर किंमत छापलेली असते. मजुरीचे दीडशे मात्र आपल्याला बोचतात. "पाच मिनिटांचं तर काम होतं!" असे आपण म्हणतो. ते काम पाच मिनिटांत व्हावे म्हणून त्या माणसाने पंधरा वर्षे ग्रीसमध्ये हात घातलेले असतात, हे आपण विसरतो. मग तोही शिकतो. मजुरी कमी सांगतो आणि ती पार्टच्या किमतीत लपवतो. पार्टवर पैसे सुटायचे म्हणजे पार्ट बदलायलाच हवा. साफ करून चालणारी वस्तूही मग टाकून दिली जाते. म्हणजे हाताच्या कष्टाला दाम न देण्याची जी आपली जुनी खोड आहे, तीच अप्रामाणिकपणाला खतपाणी घालते. त्यात उधारी. ऊसतोडीहून आल्यावर देतो, कांद्याची पट्टी आली की देतो, असे म्हणणाऱ्यांची वही प्रत्येक गॅरेजमध्ये असते. अडचण खरी असेल तर गोष्ट वेगळी, पण लग्नाच्या मांडवाला पैसे निघतात आणि मिस्त्रीचेच तेवढे राहतात, असेही घडते. उधारीत बुडालेल्या माणसाने रोकड देणाऱ्याकडून चार पैसे जास्त घेतले, तर त्या पापात वाटा कोणाचा?

गिऱ्हाईक म्हणून आपण आणखीही एक चूक करतो. डॉक्टरकडे जाऊन आपण "पोट दुखते" असे सांगतो. मिस्त्रीकडे जाऊन मात्र एकदम "प्लग बदला" म्हणतो. रोग न सांगता औषध सांगायचे आणि गुण आला नाही की दोष त्याला! त्यापेक्षा लक्षण सांगावे. सकाळी थंड असताना सुरू होत नाही की तापल्यावर बंद पडते? आवाज वेग वाढला की येतो की ब्रेक दाबला की? घरी एक छोटी वही ठेवावी. तारीख, किलोमीटर, काय बदलले, किती पैसे. गाडीबरोबर मिळालेले पुस्तक कपाटाच्या तळाशी न टाकता एकदा वाचावे. ऑइल कोणते आणि कधी बदलायचे हे त्यात छापलेले असते. आणि नव्या मिस्त्रीकडे पहिल्यांदा जाताना इंजिनकाम घेऊन जाऊ नये. ऑइल बदलणे, चेन ताणणे असे छोटे काम द्यावे आणि तो ते कसे करतो हे शेजारी उभे राहून पाहावे. मुलगी पाहायला जातानाही आपण पहिल्याच दिवशी अक्षता टाकत नाही.

मिस्त्रीपुढचे खरे संकट मात्र निराळेच आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ची गाडी विकली जाते. बहुतेक दुचाकींतला कार्बोरेटर गेला आणि इंजेक्शन, सेन्सर आले. कानाने दोष ओळखणाऱ्या उस्तादाच्या हातात आता स्कॅनर लागतो, आणि त्यासाठीची माहिती कंपन्या सहजासहजी सोडत नाहीत. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सुमारे अडीच हजार कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो याच कारणासाठी. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती त्यांनी बाहेरच्या गॅरेजवाल्यांपर्यंत पोचू दिली नाही, असा ठपका होता. पुढे अपिले झाली. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारनेही 'दुरुस्तीचा हक्क' हा विषय हाती घेतला. हा विषय दिल्लीचा वाटतो, पण त्याचे टोक खर्डा रस्त्यावरच्या पत्र्याच्या शेडपर्यंत येते. ज्ञान कुलूपबंद राहिले तर पाच-दहा वर्षांत लहान गॅरेज नाहीसे होईल आणि साध्या बिघाडासाठी नगर गाठावे लागेल.

कायदा आपल्या बाजूने आहे, हेही लक्षात असू द्यावे. ग्राहक चळवळीची मुळे आपल्याच मातीत आहेत. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली. १९८६च्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. १९१५ या क्रमांकावर तक्रार सांगता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात शुल्क पडत नाही. पण चारशे रुपयांच्या भांडणासाठी एक दिवसाचा रोज बुडवून जिल्ह्याच्या गावी कोण जाणार? म्हणून कायद्याआधी रिवाज हवा. गॅरेजच्या भिंतीवर मजुरीचे दर लिहिलेले असावेत आणि जुना पार्ट गिऱ्हाईकाच्या हातात पडावा. आपणही मजुरी मान राखून आणि वेळेवर द्यावी. हे घडवायला सरकारी आदेश लागत नाही. एका गल्लीतल्या दहा गिऱ्हाइकांनी ठरवले तरी पुरे.

पुढच्या वेळी मिस्त्रीने 'च्च' असा आवाज करून मान हलवली, तर खिसा चाचपू नका. खाली बसा, त्याच्या शेजारी, आणि विचारा, "काय झालंय, दाखवा बरं." जो हसून दाखवील, त्याचा नंबर घरच्या सगळ्यांना देऊन ठेवा.