मुक्काम मळ्यात, पण हंगाम पाहून

शेतावर मुक्काम ठरवताना खोलीच्या फोटोआधी पिकाचा हंगाम पाहावा. जालना जिल्ह्यात तर हे आधी. इथल्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आंबे बहाराची फळे पावसाळा सरताना उतरतात, मृग बहाराची उन्हाळ्याच्या तोंडावर. मधल्या काळात गेलेल्या पाहुण्याला तोडणीची लगबग दिसत नाही. याच जिल्ह्यातल्या कडवंचीला जायचे तर जानेवारी ते मार्च हा काळ उत्तम. डोंगरमाथ्यापासून पायथ्यापर्यंत झालेली पाणलोटाची कामे आणि शेकडो शेततळी यांच्या बळावर या कोरडवाहू गावाने द्राक्षबागा उभ्या केल्या. या तीन महिन्यांत त्या बागा घडांनी लगडलेल्या असतात. बुकिंगपूर्वी तीन प्रश्न जरूर विचारावेत: शेतकरी कुटुंब तिथेच राहते का, उन्हाळ्यात पाणी कुठून येते आणि २०२० च्या राज्य कृषी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी झाली आहे का? बरोबर मुले असतील तर समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब समर्थही त्यांना दाखवावे. आणि टंचाईच्या या मुलखात पाहुण्यांनी एका बादलीत अंघोळ भागवावी, एवढी कळकळीची विनंती.