वहीच्या मागच्या पानावर



सहामाही परीक्षा आटोपली की वर्गवार वह्या आमच्या टेबलावर येतात. मुले वहीला 'कॉपी' म्हणतात, आणि खरे सांगायचे तर घरी आम्हीही कॉपीच म्हणतो. पुढची पाने आता आम्ही सवयीने उलटतो. तारीख, समास, शीर्षक, बाईंची सही, सगळे जागच्या जागी असते. पण गेल्या दोन-तीन वर्षांत आम्हाला वही मागून उघडण्याची खोड लागली आहे. मागच्या पानांवर फुली-गोळ्याचे डाव असतात, क्रिकेटचा धावफलक असतो, तास चालू असताना शेजारणीशी झालेला लेखी संवाद असतो, आणि मधूनच चार-सहा ओळी अशा सापडतात की हातातले काम थांबते.

यंदा आठवीच्या एका वहीत आजोबांच्या रिकाम्या खुर्चीवर नऊ ओळी होत्या. खुर्चीवर आता धुतलेले कपडे ठेवतात, आणि ते कपडे घडी करून कपाटात गेले की खुर्ची पुन्हा रिकामी होते म्हणून आई ते लवकर उचलत नाही, एवढेच त्यात लिहिले होते. कोपऱ्यात बारीक अक्षरात 'कृपया वाचू नये' अशी सूचना होती. आम्ही वाचले याची आम्हाला लाज वाटली. त्याच वहीच्या पुढच्या भागात आजोबांवरचा निबंधही होता. तो मार्गदर्शिकेतून उतरवलेला. त्यातल्या आजोबांचे केस कापसासारखे पांढरे होते, ते रोज पहाटे उठत आणि गोष्टी सांगत. त्याला दहापैकी आठ गुण होते.

मूल मनातले लिहायला मागचे पान का शोधते, हा प्रश्न त्या दिवसापासून आमच्या डोक्यातून गेलेला नाही. पालकांना आणि विश्वस्त मंडळाला याच विषयावर चार शब्द सांगावेत म्हणून हे लिहीत आहोत.

आधी घराचे पाहू. जुने वाडे एकेक करून पडले, त्यांच्या जागी फ्लॅट आले. आपल्या बहुतेक पालकांची घरे दोन-तीन खोल्यांची आहेत. पुढच्या खोलीत टीव्ही चालू असतो, आजीची मालिका असते, वडिलांचे फोनवर बोलणे असते. अशा घरात मूल अभ्यास करू शकते, करतेच. पण अभ्यासाशिवाय काही लिहायला बसले की त्याला दोन प्रश्न विचारले जातात. 'होमवर्क झाले का?' हा पहिला, आणि 'काय लिहून राहिलीस, दाखव बरं' हा दुसरा. पहिल्या प्रश्नाला उत्तर देता येते. दुसऱ्या प्रश्नाने वही बंद होते. पालकांचा यात दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. प्रेमानेच विचारतात. पण अर्धे सुचलेले दाखवायचे कसे? पोळी तव्यावर असताना ताटात वाढा म्हटल्यासारखेच ते.

आम्ही स्वतः वाड्यात वाढलो. आमच्या जिन्याखाली कोळशाची पोती ठेवायची एक अंधारी जागा होती. गुडघे पोटाशी घेऊनच बसता येई, आणि उजेड यायचा तो जिन्याच्या फळ्यांमधल्या फटींतून. तिथे आम्ही आयुष्यातली पहिली कविता लिहिली. ती हिंदीत होती. घरात सगळे मराठी बोलणारे, देवापुढची आरती मराठी, भांडणे मराठी, पण शाळा आणि पुढे पदवीपर्यंतचे सगळे शिक्षण हिंदी माध्यमातले. मराठीत लिहावेसे वाटत नसे असे नाही. एकदा सुट्टीत पुण्याच्या काकांना मोठ्या हौसेने पोस्टकार्ड पाठवले होते. 'इकडे खूप पाऊस पडून राहिला आहे, आई तुमची आठवण करते' असे काहीसे त्यात होते. काकांनी तेच कार्ड लाल शाईने दुरुस्त करून पाकिटात घालून परत पाठवले. त्यांचा हेतू चांगलाच होता, अक्षरही सुरेख होते. त्यानंतर मात्र पुण्याची पत्रे आम्ही आईकडून लिहवून घेऊ लागलो, आणि मनातले हिंदीत लिहू लागलो. हिंदीत आम्हाला कोणी हसत नसे. लिहिण्याची सोयीची जागा म्हणजे नुसता जिना नव्हता, ती भाषाही होती, हे कळायला पुष्कळ वर्षे गेली.

कळल्यावरही आम्ही तीच चूक केली, ही गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरोबर नाही. मराठीचे तास घ्यायला लागलो त्या काळातली ही गोष्ट. सहावीच्या एका मुलाने संक्रांतीवर लिहिले होते, 'माझी पतंग कटली आणि मी छतावर एकटाच उभा राहिलो.' आम्ही लाल पेन उचलले. 'माझी' खोडून 'माझा' केले, 'कटली' खोडून 'कापला गेला', 'छतावर' खोडून 'गच्चीवर'. व्याकरणाच्या दृष्टीने आम्ही बरोबर होतो. मराठीत पतंग पुल्लिंगी आहे, इंदूरच्या आकाशात तो हिंदीच्या चालीने स्त्रीलिंगी होतो, त्याला आम्ही काय करणार? पण 'एकटाच उभा राहिलो' या तीन शब्दांशेजारी आम्ही काहीच लिहिले नाही. पुढच्या वर्षी त्याच मुलाचा संक्रांतीचा निबंध अगदी शुद्ध आला. तिळगुळाने सुरू आणि गोड बोलण्याने समाप्त. त्यात पतंग नव्हता, आणि नव्हतीही.

शुद्धलेखन नको असा याचा अर्थ कृपया कोणी काढू नये. शाळेत पुढच्या पानावर ऱ्हस्व-दीर्घ तपासले जाईल, आणि कडकपणे तपासले जाईल. आमचे म्हणणे एवढेच की मुलाला एखादे पान असे असू द्यावे जिथे लाल पेन पोहोचत नाही.

बहिणाबाई चौधरींचे उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, पण त्यातली एक बाजू आपण विसरतो. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, चुलीपाशी, शेतात काम करताना त्या आपल्या खानदेशी लेवा बोलीत ओव्या रचत. मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या माणसाने त्या उतरवून घेतल्या. १९५१ च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या, सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये 'बहिणाईची गाणी' हे पुस्तक निघाले. जात्यापाशी बसून 'असे नाही, तसे म्हणा' म्हणणारे कोणी असते तर मराठीचे किती नुकसान झाले असते! शेणामातीने सारवलेली ती ओसरी आज आपण ज्याला आरामशीर म्हणतो तशी मुळीच नव्हती. पण हात कामात आणि तोंड मोकळे, एवढी सोय तिथे होती.

दुसरे उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. गजानन माधव मुक्तिबोध १९१७ साली श्योपूरला मराठी घरात जन्मले. वडील पोलीस खात्यात, त्यामुळे सतत बदल्या. शिक्षणाची वर्षे उज्जैन आणि आपल्या इंदूरला गेली. ते हिंदीत लिहीत राहिले आणि हिंदी कवितेला त्यांनी नवी दिशा दिली. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत होते, त्यांना १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एकाच घरातले दोन भाऊ, दोघांनी दोन भाषांत आपापली जागा केली. आम्ही हिंदी माध्यमातले असल्याने मुक्तिबोध आम्हाला अभ्यासक्रमात भेटले, आणि ते घरी मराठी बोलत असतील हे त्या वयात कोणी सांगितलेही नाही. मुक्तिबोधांचे बरेच आयुष्य ओढाताणीत, गावे आणि नोकऱ्या बदलण्यात गेले. १९५८ मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय कॉलेजात नोकरी मिळाली आणि कॉलेजच्या आवारातल्या जुन्या वास्तूत राहायला जागा मिळाली. चक्राकार जिन्याची ती जागा आज त्यांचे स्मारक आहे. १९६४ मध्ये ते गेले, म्हणजे स्थिर जागा मिळाली ती जेमतेम सहा वर्षे. पण त्यांचे फार मोलाचे लेखन त्या वर्षांतले आहे.

आमच्या एका विश्वस्तांनी मागच्या बैठकीत हसत हसत एक मुद्दा मांडला होता. 'सर्वांना खोल्याच लागतात का? लोकमान्यांनी गीतारहस्य मंडालेच्या तुरुंगात लिहिले, साने गुरुजींनी श्यामची आई नाशिकच्या तुरुंगात लिहिली.' मुद्दा खरा आहे आणि आम्ही त्यावर पुष्कळ विचार केला. लोकमान्यांना शाई मिळत नसे, पेन्सिलीने लिहावे लागे, सुटे कागद देत नसत. तरीही १९१०-११ च्या हिवाळ्यात ग्रंथ झाला. पण तेव्हा त्यांचे वय पन्नाशीपलीकडचे होते आणि त्यामागे केसरीतले लेखन होते. साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत अवघ्या पाच दिवसांत पुस्तक लिहून काढले, तेव्हा ते तेहतीस वर्षांचे होते. त्याआधी अमळनेरच्या शाळेच्या वसतिगृहात ते मुलांसाठी 'छात्रालय' नावाचे दैनिक हाताने लिहून काढत असत. म्हणजे गुरुजींनी तुरुंगात लिहिले हे खरे, पण शिक्षक असताना त्यांनी मुलांपुढे रोज लिहिले, हेही तितकेच खरे. तुरुंग आपल्याला कोणाला देता येणार नाही. दुसरी गोष्ट देता येईल.

ती आम्ही लहान प्रमाणावर करून पाहिली आहे. जिन्याशेजारच्या खोलीत पूर्वी खेळाचे सामान असे. गेल्या दिवाळीनंतर ते सामान व्हरांड्यातल्या कपाटात हलवले आणि आठवड्यातून दोन दिवस अर्धा तास ती खोली लिहिणाऱ्यांसाठी उघडी ठेवली. नियम थोडेच केले. लिहिलेले दाखवायचे नाही. गुण नाहीत. ज्या शिक्षकांची पाळी असेल त्यांनीही काहीतरी लिहीतच बसायचे, वह्या तपासत बसायचे नाही. भाषा कोणतीही चालेल, मिसळलेली सुद्धा. पहिल्या दिवशी चार मुले आली, त्यांतली दोन पावसात भिजू नये म्हणून आली होती असा आमचा संशय आहे. आता दहा-बारा येतात.

आम्ही बाके लावून ठेवली होती. बाकावर फार थोडी बसली. एकजण टेबलाखाली बसतो. दोघी खिडकीच्या कट्ट्यावर पाय लोंबकळत ठेवून बसतात. एका मुलाला शांतता अजिबात सहन होत नाही, तो दाराशी बसतो कारण तिथून मैदानावरचा आवाज येतो. एकीने विचारले की कृष्णपुऱ्याच्या छत्रीच्या पायऱ्यांवर बसून लिहिले तर चालेल का, तिथे तिला छान वाटते. चालेल असे सांगितले, मात्र मोठ्या माणसाला बरोबर न्यावे. जागा प्रत्येकाची निराळी, हे आम्हाला शिक्षणशास्त्राच्या पुस्तकापेक्षा या खोलीत चांगले समजले. पाळी आमची असते तेव्हा आम्हीही लिहितो. तिसऱ्या आठवड्यात कधीतरी लक्षात आले की आपण मराठीत लिहीत आहोत, 'पडून राहिला आहे' वगैरे सकट, आणि कोणी पाहत नाही.

आता अडचण सांगतो. ही खोली संध्याकाळच्या शिकवणी-वर्गाला भाड्याने द्यावी असा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे आहे. त्यांना दुपारपासूनच ताबा हवा आहे. दुसऱ्या मजल्याचे छत गळते, दुरुस्तीला पैसा लागतो, आणि भाडे नियमित येईल. प्रस्ताव मांडणाऱ्यांना शाळेची कळकळ आहे याबद्दल आमच्या मनात शंका नाही. गळके छत आम्हीच रोज पाहतो, बादल्या आम्हीच ठेवायला सांगतो. तरीही आमचे मत विरुद्ध आहे, आणि ते बैठकीत बंद दाराआड मांडण्यापेक्षा सर्वांसमोर मांडावे असे वाटले. पैसा उभा करायला स्नेहसंमेलनाचे सभागृह आहे, रविवारी रिकामे असलेले मैदान आहे, माजी विद्यार्थी आहेत. मुलांना कोणी न विचारता बसू देणारी जागा शाळेत ही एकच आहे.

आपल्या शहरात मराठी साहित्य संमेलन तीनदा भरले, १९१७, १९३५ आणि २००१ साली. तिसऱ्या वेळी आम्ही तरुण होतो आणि खुर्च्या उचलण्याच्या कामात होतो. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला तेव्हा शाळेत पेढे वाटले. दोन्ही वेळा मनापासून आनंद झाला. पण इंदूरच्या मराठीत लिहिणारा पुढचा माणूस कुठून यायचा? आता तर मोबाईलला विषय सांगितला की आजोबांवरचा निबंध मिनिटभरात तयार मिळतो, कापसासारख्या केसांसकट. खुर्चीवरचे कपडे त्याला माहीत नसतात. ते फक्त त्या मुलीला माहीत आहेत, आणि तिने ते मागच्या पानावर लिहिले.

विश्वस्त मंडळाची बैठक पुढच्या महिन्यात आहे. ज्या पालकांना या बाबतीत, आमच्या बाजूने किंवा विरुद्ध, काही सांगायचे असेल त्यांनी कार्यालयात चिठ्ठी द्यावी. भाषा कोणतीही चालेल, आम्ही लाल पेन वापरणार नाही. तोपर्यंत मंगळवारी आणि शुक्रवारी शेवटच्या तासानंतर खोली नेहमीप्रमाणे उघडी राहील. सतरंज्या दोनच आहेत आणि मुले वाढली आहेत. कोणाच्या घरी जुनी पण धड सतरंजी असेल तर शिपाईकाकांकडे आणून द्यावी, ही विनंती.

आपले,
प्राचार्य